पुढचे चाक का थरथरते?

आठवडी बाजाराच्या दिवशी चिखलीला, मेहकरला किंवा खामगावला मोटरसायकल दुरुस्तीच्या एखाद्या दुकानासमोर घटकाभर उभे राहा. एक तक्रार हमखास कानांवर येईल. "गाडी तशी बरी चालते हो, पण पुढून थरथरते." कोणी म्हणेल हँडल हलते, कोणी म्हणेल गाडी लचकते, आणि तरुण पोरे आता सरळ 'व्हॉबल करते' असेच म्हणतात. शब्द निराळे, पण दुखणे एकाच जागचे. हे दुखणे आजचे नाही. मोटरसायकल जन्माला यायच्या आधीपासून ते चाकाच्या मागे लागलेले आहे, आणि त्याचे खरे कारण कळायला माणसाला दीडशे वर्षे लागली. त्या दीडशे वर्षांची हकीकत मी आज सांगणार आहे. मी यंत्रविद्येचा पंडित नव्हे. शाळामास्तर होतो, आता निवृत्त झालो. पण ह्या विषयाशी माझा संबंध पुस्तकांतून जडला नाही, घरच्या एका अपघातातून जडला. ती गोष्टही ओघाने येईलच.

आपल्या जिल्ह्याचे दोन भाग आपण सारेच मानतो, घाटावरचा आणि घाटाखालचा. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा हा घाटावरचा मुलूख. मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर हा पूर्णेच्या खोऱ्यातला, घाटाखालचा. ह्या दोन भागांना जोडणाऱ्या वाटांवर शेकडो वर्षे बैलगाडी चालली. १८६०च्या दशकात मुंबईहून नागपूरकडे जाणारी रेल्वे मलकापूर, नांदुरा, शेगाव अशी गेली, आणि १८७० साली जलंबपासून खामगावपर्यंत तेरा किलोमीटरचा फाटा झाला. त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावला आले होते. एवढ्याशा फाट्याला एवढा मोठा पाहुणा कशासाठी? कापसासाठी. हा कापूस बाजारात आणला कोणी? बैलगाडीच्या चाकाने. म्हणून आपल्याकडे चाकाचे शास्त्र पहिल्यांदा कोणाला कळले असेल तर ते सुताराला आणि लोहाराला.

ज्यांनी धाव चढवताना पाहिली आहे त्यांना मी काय म्हणतो ते लगेच कळेल. मधे तुंबा, तुंब्यातून निघालेले आरे, आऱ्यांवर बसवलेले पुठे, आणि त्या सगळ्यांना कवेत घेणारी लोखंडी धाव. धाव मुद्दाम चाकापेक्षा किंचित लहान करायची, गोवऱ्यांच्या आगीत लाल करून वाढवायची, चिमट्यांनी उचलून चाकावर बसवायची आणि वर पाणी ओतायचे. लोखंड आकसते आणि सारे लाकूड एकमेकांत दाबून बसवते. चैत्र-वैशाखात लाकूड वाळून आकसले की धाव ढिली होते, आरे कुरकुरतात, चाक डोलायला लागते. मग शेतकरी चाके काढून डोहात भिजत घालतो. म्हणजे चाक डोलते ते सैलपणामुळे, आणि तो सैलपणा नेमका कुठे आहे हे आधी शोधायचे असते, ही गोष्ट आपल्या माणसांना पूर्वापार ठाऊक होती. सुतार आऱ्यावर हातोडी मारून कान देई. घट्ट आरा खणखणीत बोलतो, ढिला आरा बद्द बोलतो. मोठ्या रेल्वे स्टेशनांवर गाडी थांबली की लांब दांड्याची हातोडी घेऊन चाके वाजवत जाणारा माणूस माझ्या वयाच्या लोकांनी पाहिलेला असेल. तोही हेच करीत होता.

पण बैलगाडीत एक सोय आहे. तिला दोन चाके असतात ती शेजारीशेजारी, आणि वळवायचे काम बैल करतात. चाकाला स्वतः वळावे लागत नाही. पुढचे चाक वळते झाले आणि तिथून खरी भानगड सुरू झाली.

१८१७ च्या जूनमध्ये जर्मनीतल्या मानहाइम गावी कार्ल द्राइस नावाचा गृहस्थ एका लाकडी यंत्रावर बसून फिरायला निघाला. एकामागे एक दोन चाके, मधे बसायला फळी, आणि पाय जमिनीला रेटत पळायचे. पायटे नव्हते, साखळी नव्हती. पण पुढचे चाक हाताने वळवता येत होते. सायकल आणि मोटरसायकल ह्या दोघींचा मूळपुरुष हाच. पुढे १८६०च्या दशकात पॅरिसमध्ये पुढच्या चाकाला पायटे बसवली गेली. ती चाके कशाची? आपल्या गाडीसारखीच, लाकडाची, वर लोखंडी धाव. दगडी फरसबंदीवरून ती चालली की माणसाची हाडे खिळखिळी होत, म्हणून इंग्रजांनी तिचे नावच 'हाडेखिळखिळी' ठेवले. बुलढाण्याच्या गाडीवाटेवर बसलेल्या माणसाला ह्यात नवल वाटण्यासारखे काही नव्हते!

त्यानंतरच्या वीस वर्षांत चाक पार बदलून गेले. १८६९ साली फ्रान्समध्ये सुरीरे नावाच्या कारागिराने सायकलच्या आसात पोलादी गोळ्या, म्हणजे आपण ज्यांना छर्रे म्हणतो ते, बसवण्याचा हक्क नोंदवला. १८७४ साली इंग्लंडात जेम्स स्टार्लेने तारांचे आरे तुंब्यापासून सरळ न काढता तिरपे, एकमेकांना छेद देणारे लावले. आजही साध्या मोटरसायकलच्या चाकात तारा तशाच तिरप्या असतात. लाकडी आरा ओझ्याखाली दाबला जाऊन भार पेलतो. तार दाबली तर वाकेल, म्हणून ती ताणून ठेवायची आणि ताणातून भार पेलायचा. सगळा खेळ ताणावर आला. आणि मग १८८८. बेलफास्ट गावात जॉन बॉइड डनलॉपने आपल्या मुलाच्या तीनचाकीला हवेची रबरी नळी बसवली. हा डनलॉप कोण होता? गुराढोरांचा डॉक्टर! आपल्याकडे रबरी टायरच्या बैलगाडीला आजही 'डनलॉपची गाडी' म्हणतात. एका जनावरांच्या डॉक्टरचे नाव बैलाच्या मागे येऊन बसले, हा योगायोग मला नेहमी गमतीचा वाटतो.

मोटरसायकल त्याच सुमाराची. १८८५ साली डाइमलर आणि मायबाख ह्यांनी पेट्रोलचे एंजिन बसवलेली पहिली दुचाकी केली. चाके लाकडाची, धाव लोखंडाची, आणि पडू नये म्हणून दोन्ही बाजूंना दोन बारकी चाके. १८९४ पासून जर्मनीतच हवेच्या टायरची मोटरसायकल विकायला निघाली. वेग वाढला, आणि वेगाबरोबर ती जुनी थरथर नव्या रूपाने पुढे आली.

आता थोडे शास्त्र सांगतो; कंटाळू नका. दवाखान्यातल्या स्ट्रेचरचे पुढचे चाक पाहिले आहे ना? हळू ढकलले तर मुकाट चालते. जरा जोरात ढकलले की फडफड करीत डावीउजवीकडे नाचायला लागते. तिथे एंजिन नाही, खड्डा नाही, चाक वाकडेही नाही. मग ते नाचते कशाने? वळत्या चाकाचा टेकायचा बिंदू हा ज्या खिळीवर ते वळते तिच्या रेषेच्या किंचित मागे असतो. त्यामुळे चाक डावीकडे गेले की जमीन त्याला ओढून पुन्हा सरळ करते. हा गुण चांगला, सायकल हात सोडूनही चालते त्यात त्याचाही वाटा असतो. पण सरळ येताना चाक मधे थांबत नाही, थोडे पुढे जाते. जमीन पुन्हा ओढते. आणि झोका सुरू होतो. झोक्याला कोणीतरी आवरणारे असेल तर तो विरतो. आवरणारे सैल पडले तर वाढतो.

१९२०च्या दशकात मोटारींना फुगीर, कमी दाबाचे टायर आले तेव्हा त्यांची पुढची चाके अशीच नाचू लागली. त्या वेळी पाश्चात्त्यांत अंग थरथरवण्याचा 'शिमी' नावाचा एक नाच गाजत होता. एंजिनिअरांनी चाकाच्या दुखण्याला तेच नाव दिले. पुढे विमानांच्या चाकांनाही तेच झाले. मोटरसायकलवाल्यांनी मात्र आधीपासून एक गावठी उपाय काढला होता. हँडलच्या मधोमध एक मोठी चकती, ती पिळली की खाली घासणाऱ्या चकत्या दाबल्या जात आणि हँडल जड होई. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी गाड्या ज्यांनी पाहिल्या त्यांना ती चकती आठवत असेल. युद्ध संपल्यावर शिल्लक माल म्हणून अशा गाड्या देशात विकल्या गेल्या. पुष्कळांच्या पुढे नळ्या नव्हत्याच. चौकटीसारखा दांड्यांचा चिमटा आणि मधे एकच जाड स्प्रिंग असे. एकात एक सरकणाऱ्या, तेल भरलेल्या दोन नळ्यांचा चिमटा, ज्याला आपण आता 'शॉकअप' म्हणतो, तो जर्मनीच्या बीएमडब्ल्यूने १९३५ साली विकायच्या गाडीवर आणला.

आपल्या देशात १९५५ साली मद्रासला एन्फिल्डची बुलेट तयार होऊ लागली, १९६१ साली म्हैसूरला जावा, आणि १९६२ च्या सुमारास राजदूत. राजदूतच्या पुढे तशा नळ्या नव्हत्या. चाक आडव्या हलत्या दांड्यांवर बसवलेले होते, आणि त्या दांड्यांच्या बुशा झिजल्या की गाडी पुढून खुळखुळ्यासारखी वाजे. पण दणकट गाडी. दूधवाल्यांनी तिच्यावर काय काय वाहिले ते सांगता सोय नाही. १९८५ च्या सुमारास जपानी धर्तीच्या हलक्या, शंभर सीसीच्या गाड्या आल्या आणि मोटरसायकल खेड्यातल्या घराघरांत शिरली. ह्या सगळ्या गाड्यांचे पहिले मिस्त्री कोण? बहुतेक सायकलवाले. चाकाची 'आउट काढणे' हा शब्द त्यांनीच सायकलीवरून मोटरसायकलीवर आणला.

आता माझी गोष्ट. १९७९ सालचा पावसाळा संपता संपता मी एक जुनी मोटरसायकल घेतली होती. दोन महिन्यांत ती पुढून थरथरू लागली. साधारण पन्नासचा वेग झाला की हँडल हातात डावे-उजवे करी. साठच्या पुढे नेले की थांबे. मी गावाजवळच्या एका दुकानात नेली. त्यांनी टायर जुने झाले म्हणून नवे घातले, आणि वरचे एक नट आवळून दिले. पंधरा दिवस बरे गेले. मग पुन्हा तेच. मी म्हटले, जुनी गाडी आहे, चालायचेच. पन्नासच्या आत चालवू लागलो आणि गप्प बसलो. इथे माझी चूक झाली, आणि ती मी आजवर विसरलो नाही.

दिवाळीनंतर माझा धाकटा भाऊ हरभऱ्याच्या बियाण्याचे पोते आणायला तीच गाडी घेऊन गेला. मी त्याला थरथरीबद्दल सांगितले नाही. सांगायचे राहिले असेही नाही; त्यात सांगण्यासारखे काही आहे असे मला वाटलेच नाही. पोते त्याने मागच्या कॅरिअरवर बांधले. परत येताना मेहकर रस्त्यावर उताराला हँडल हलू लागले. त्याने घाबरून ते घट्ट धरले आणि पुढचा ब्रेक दाबला. हँडलने दोन्ही बाजूंना अशा थपडा मारल्या की गाडी रस्ता सोडून बाभळीत गेली. जीव वाचला. हासडीचे हाड मोडले, आणि ते वाकडे जुळले. पुढे आयुष्यभर त्याचा डावा हात खांद्याच्या वर नीट गेला नाही. मळणीच्या वेळी पाटी दुसऱ्याच्या डोक्यावर द्यायची झाली की तो मुकाट्याने बाजूला होई. त्याने मला कधी शब्दाने बोलून दाखवले नाही.

ती गाडी मी खामगावच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे नेली. सारे त्यांना चाचा म्हणत. त्यांनी पाना उचलला नाही, आधी विचारले, "गुरुजी, गाडी चालवत आणली का ढकलत?"

"टेम्पोत घालून आणली चाचा. बसवत नाही आता."

"बरं केलं. आता मले सांगा, थरथर किती वेगाले येते? हात ढिले सोडल्यावर येते का घट्ट धरल्यावर? ब्रेक दाबल्यावर येते का बिगरब्रेकची? अन् क्लच दाबला, एंजिन मोकळं केलं, तरी राहते का जाते?"

चार प्रश्न. वर्गात मुलांना प्रश्न विचारण्यात माझी हयात गेली, पण ह्यांतल्या एकाचेही नीट उत्तर मला देता आले नाही. चाचा हसले नाहीत. म्हणाले, "गाडी बोलते गुरुजी. आपण ऐकत नाही."

त्या चार प्रश्नांचा अर्थ मला पुढे हळूहळू कळला, आणि तो शिक्षकांनी मुलांना गणितातून जरूर समजवावा असा आहे. मोटरसायकलच्या मोठ्या चाकाचा परीघ साधारण दोन मीटर. ताशी साठ किलोमीटर म्हणजे सेकंदाला सोळा-सतरा मीटर. म्हणजे चाक सेकंदाला आठ वेळा फिरते. त्याच वेळी एंजिनातला दट्ट्या गाडीच्या जातीप्रमाणे सेकंदाला पन्नास ते नव्वद वेळा खालीवर होत असतो. तेव्हा हातांना मुंग्या आल्यासारखी बारीक झिणझिण असेल तर ती एंजिनाची. हँडल डोळ्यांना दिसेल असे हलत असेल तर ती चाकाची किंवा मानेची. क्लच दाबून एंजिन मोकळे केले आणि तरीही हलणे राहिले, तर एंजिन निर्दोष सुटले. ब्रेक दाबल्यावरच हलत असेल तर ब्रेकचा ड्रम अंडाकृती झालेला असतो, हल्लीच्या गाडीत डिस्क वाकलेली असते. वेगाबरोबर वाढतच जाणारी थरथर ही बहुधा चाकाच्या असमतोलाची. आणि ठराविक वेगाला येऊन पुढे जाणारी, हात सैल सोडल्यावर उसळणारी, ती मानेची किंवा टायरची.

स्कूटरवाल्यांनी एक हिशेब करून पाहावा. दहा इंची चाकाचा परीघ सुमारे एक मीटर पस्तीस सेंटिमीटर. ते चाक ताशी चाळीसलाच सेकंदाला आठ फेरे घेते. म्हणून मोटरसायकल जिथे पन्नास-साठला हलते तिथे स्कूटर चाळीसलाच हात सोडू देत नाही. चाकाचा स्वतःचा झोका सेकंदाला साधारण सहा ते दहा असतो. चाकाचे फेरे त्या आकड्याजवळ आले की लहानसा दोषही झोक्याला योग्य वेळी धक्का देत राहतो.

लहानसा म्हणजे किती? वीस ग्रॅम चिखल. आपल्या काळ्या मातीचा वीस ग्रॅमचा लपका रिमच्या आतल्या अंगाला एका जागी चिकटून वाळला, तर ताशी साठला तो चाकाला सुमारे सव्वा किलोचा हिसका देतो, सेकंदाला आठ वेळा. म्हणून चाचा आधी चाक धुवायला लावत. कोणी नाक मुरडले तर म्हणत, "पैसे वाचले तं वाचले." कितीतरी गाड्या त्यांच्याकडून नुसत्या धुऊन परत गेल्या.

धुतल्यावर हवा पाहायची, कारण पुढच्या टायरात हवा कमी असणे हे सगळ्यांत साधे आणि सगळ्यांत जास्त दुर्लक्षिलेले कारण. मग गाडी मधल्या स्टँडवर, एंजिनाखाली लाकडी ठोकळा, पुढचे चाक अधांतरी. चाक हळू फिरवून सोडले आणि दर वेळी तोच भाग खाली येऊन थांबला, तर तिथे जड आहे. चिमट्याला काडी बांधून तिचे टोक रिमजवळ आणायचे आणि चाक फिरवायचे. काडीपासून रिम जवळ-दूर होत असेल तर चाक आउट आहे. टायरच्या कडेला एक बारीक रेघ असते, ती रिमपासून सगळीकडे सारखी हवी. नसेल तर टायर नीट बसलेले नाही. पान्याने एकेक तार वाजवायची. इथे मला आमच्या सुताराची आठवण झाली; तोच खणखणीत आणि तोच बद्द आवाज. मग चाक वर-खाली धरून आडवे हलवायचे, त्यात खुटखुट लागली तर आसाचे बेअरिंग गेले.

माझ्या गाडीत ह्यांतले काहीच निघाले नाही. टायर तर नवेच होते. चाचांनी चिमट्याची दोन्ही खालची टोके धरून पुढे-मागे ओढली. मानेत बारीक 'टक' झाले. मग एका बोटाने हँडल अगदी हळू डावीकडून उजवीकडे नेले. मधोमध येताच ते खोबणीत पडल्यासारखे अडले.

"हे पाहा. चाक बिमार नाही गुरुजी, मान बिमार आहे."

हँडलच्या मानेत वर आणि खाली दोन वाट्या असतात आणि त्यांत छर्रे फिरतात. गॅरेजमध्ये ह्याला कोनसेट म्हणतात. गाडी बहुतेक वेळ सरळ चालते, म्हणून छर्रे बहुतेक वेळ त्याच जागी असतात. कोनसेट थोडा ढिला राहिला आणि रस्ता गाडीवाटेसारखा असला, की प्रत्येक खड्ड्याला छर्रे त्याच जागी हातोडीसारखे आदळतात आणि वाटीत खळगे पाडतात. चाचांनी वाटी काढून माझ्या हातात दिली. बोट फिरवले तर खळगे मोजता येत होते. मधोमध छर्रे खळग्यात बसत, म्हणून तिथे ढिले. जरा वळवले की खळग्यातून वर येत, म्हणून तिथे घट्ट. आधीच्या दुकानदाराने वरचे नट आवळले तेव्हा ढिलेपणा काही दिवस झाकला गेला, एवढेच. आवळण्यानेही दोष होतो बरे का. कोनसेट फार घट्ट झाला तर हळू चालतानाच गाडी दारू प्यायल्यासारखी डुलते, कारण तोल सावरायला लागणारे बारीक वळण हँडल घेऊ देत नाही.

"अन् पोतं?" चाचांनीच विचारले. भावाची हकीकत त्यांच्या कानांवर आलेली होती. "पोतं मागच्या चाकाच्याही मागं बांधलं असल. मागं जड झालं की पुढचं चाक हलकं होते. दोष एकटा नाही येत गुरुजी, सोबती घेऊन येते."

अशी गोष्ट खामगावच्या एका म्हाताऱ्याला हाताच्या अनुभवाने माहीत होती. पंडितांना ती कशी कळली? १८९९ साली केंब्रिजच्या व्हिपल नावाच्या विद्यार्थ्याने आणि फ्रान्समध्ये कार्व्हालो ह्या विद्वानाने, एकमेकांची खबर नसताना, सायकलच्या तोलाचे गणित मांडले. ते गणित बरोबर होते, पण त्यात टायर नव्हते. चाक म्हणजे पातळ कडक कडे धरलेले. त्यामुळे थरथर त्यात नीट सापडत नव्हती. १९७१ साली इंग्लंडातले रॉबिन शार्प ह्यांनी मोटरसायकलचे गणित टायर धरून मांडले. त्यांना दुचाकीच्या अस्थिरतेचे तीन प्रकार दिसले. पहिला, गाडी एका बाजूला हळूहळू कलंडत जाणे. दुसरा, सगळी गाडी सापासारखी वळवळणे, ही मागच्या ओझ्याची आणि मोठ्या वेगाची खोड. आणि तिसरा, फक्त पुढचे चाक आणि हँडल जलद थरथरणे. ह्या तिसऱ्याच्या मुळाशी त्यांना टायरचा एक स्वभाव सापडला. चाक वळले तरी टायर बाजूचा जोर लगेच धरत नाही. थोडे अंतर घरंगळल्यावर धरतो. तो उशीर म्हणजे झोका परतत असताना मागून दिलेला धक्का. घासणाऱ्या चकतीने झोका का आवरतो, कोनसेटची अचूक घट्टाई का लागते, हवा कमी असली की का बिघडते, हे सारे त्यातून एका सूत्रात आले. १९७१ साली! तोवर चंद्रावर माणूस उतरून आला होता. आणि सायकल मुळात सरळ कशी राहते हा वाद त्यानंतरही चालूच राहिला. २०११ साली काही शास्त्रज्ञांनी एक लहानशी बिनमाणसाची दुचाकी करून दाखवली, जिच्यात पूर्वी आवश्यक मानलेली दोन्ही कारणे काढून टाकली होती, तरी ती सरळ चालली.

माझा भाऊ पडला तेव्हा त्याने जे केले ते कोणीही केले असते, आणि तेच चुकीचे होते. थरथर सुरू झाली की हँडल आवळून धरू नये. हातांची ताठरता झोक्यात मिसळते. पुढचा ब्रेक जोरात दाबू नये, त्याने भार एकदम पुढे येतो. गुडघ्यांनी टाकी घट्ट धरावी, अंग पुढे झुकवावे, ॲक्सिलरेटर हळूहळू कमी करावा आणि गाडीला आपोआप वेग उतरवू द्यावा. हे मला चाचांनी सांगितले, आणि मी ते घरी येऊन भावाला सांगितले. तो म्हणाला, "आता सांगून काय दादा." पण पुढे त्याने स्वतः गाडी घेतली तेव्हा दर दिवाळीला चाक ठोकळ्यावर चढवून मान तपासायचा, एका हाताने.

आता समृद्धी महामार्ग आपल्या मेहकर-सिंदखेडराजाकडून गेला आहे. २०२२ च्या डिसेंबरात त्याचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला. त्यावर दुचाकीला परवानगी नाही. म्हणजे मोटरसायकल राहिली ती आपल्या राजूर घाटाच्या, बोथ्याच्या जंगलातल्या आणि पांदणीच्याच रस्त्यांवर, जिथे कोनसेटची परीक्षा रोज होते. नव्या गाड्यांत ओतीव चाके आली, त्यांना तारा नाहीत, आउट काढायची सोयही नाही. वाकले तर बदलायचे. मानेत मात्र छर्रे किंवा गोळ्यांऐवजी बारीक लाटणी, काम तेच.

चाचा जाऊन पुष्कळ वर्षे झाली. ती खळगे पडलेली वाटी मी त्यांच्याकडून मागून घेतली होती. चुंबक, भिंग, दोलक ठेवलेल्या माझ्या शाळेच्या पेटीत ती होती, आणि निवृत्त होताना एवढी एक वस्तू मी परवानगी घेऊन घरी आणली. दोलनाचा धडा आला की वर्गात फिरवायचो. मुले बोट फिरवून खळगे मोजायची. एकदा एका मुलीने विचारले होते, "गुरुजी, हे खळगे पडायला किती दिवस लागले असतील?"

मी म्हटले, "दोन महिने. मला ते रोज हातांना लागत होते."